भूगर्भातील उष्णता-विनिमयक : लांबी ठरविण्याचे शास्त्र

पौष महिन्याच्या पहाटे विहिरीतून शेंदलेले पाणी कोमट लागते आणि वैशाखातल्या दुपारी तेच पाणी गार वाटते, हा ग्रामीण भागातील सर्वांच्याच परिचयाचा अनुभव आहे. वस्तुतः पाण्याच्या तापमानात या दोन्ही ऋतूंत फारसा फरक पडलेला नसतो. बदललेली असते ती बाहेरची हवा. जमिनीच्या पृष्ठभागापासून सुमारे दहा ते पंधरा मीटर खोल गेल्यावर ऋतुमानाचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो आणि तेथील तापमान त्या स्थळाच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास बारमाही स्थिर राहते. त्याखाली दर शंभर मीटरला साधारणतः दोन ते तीन अंश सेल्सिअस या मंद गतीने ते वाढत जाते.

जमिनीच्या या स्थैर्याचा उपयोग इमारती उबदार किंवा थंड ठेवण्यासाठी करून घेणारी यंत्रणा म्हणजे भू-उष्णतापंप होय. स्वीडन, स्वित्झर्लंड, जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांत ती मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. एकट्या स्वीडनमध्ये अशा पाच लाखांहून अधिक यंत्रणा बसविण्यात आल्या आहेत. या यंत्रणेचे यशापयश मात्र यंत्रापेक्षा जमिनीखाली पुरलेल्या नळ्यांच्या लांबीवर अधिक अवलंबून असते. ही लांबी कशी ठरवितात, ती चुकल्यास काय घडते आणि सार्वजनिक इमारतीसाठी असा प्रस्ताव आल्यास तो कोणत्या कसोट्यांवर तपासावा, याचा विचार या लेखात केला आहे.

एक खुलासा आरंभीच करणे इष्ट ठरेल. वज्रेश्वरी किंवा उन्हवरे येथील गरम पाण्याच्या झऱ्यांमागे असलेली खोल भूगर्भातील उष्णता आणि येथे विचारात घेतलेली उथळ जमिनीतील उष्णता या दोन भिन्न गोष्टी आहेत. भू-उष्णतापंपाला गरम झरे किंवा तप्त खडक यांची आवश्यकता नसते. सामान्य जमीनही त्याला पुरते.

उष्णतापंपाचे कार्य

उष्णता स्वभावतः उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते. पाणी उताराने वाहते, तसेच हे आहे. पाणी चढावर न्यावयाचे तर पंप लागतो. त्याप्रमाणे थंड ठिकाणची उष्णता उष्ण ठिकाणी न्यावयाची तर उष्णतापंप लागतो. घरातील रेफ्रिजरेटर हा एक उष्णतापंपच होय. तो आतील पदार्थांची उष्णता काढून मागील जाळीवाटे खोलीत सोडतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन या नावाने प्रसिद्ध झालेले पदार्थवैज्ञानिक, यांनी १८५२ मध्येच या तत्त्वाने इमारती तापविता येतील असे दाखवून दिले होते. उष्णतेचा स्रोत म्हणून जमिनीचा वापर करण्याच्या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडमधील हाइनरिख त्सोली यांनी १९१२ मध्ये घेतले. तथापि या कल्पनेचा व्यापक प्रसार झाला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर.

थंड प्रदेशात हिवाळ्यात ही यंत्रणा पुढीलप्रमाणे चालते. शंभर-दोनशे मीटर खोल विंधन छिद्रात पॉलिथिलीनची इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची नळी सोडलेली असते. तिच्यातून पाणी, अथवा न गोठणारे पाणी-अल्कोहोलसारखे मिश्रण, सतत फिरत राहते. ते जमिनीतून उष्णता घेऊन वर येते, यंत्रातील प्रशीतकाला देते आणि थंड होऊन पुन्हा खाली जाते. कॉम्प्रेसर त्या प्रशीतकाचे तापमान वाढवून ती उष्णता इमारतीला पुरवितो. चांगल्या यंत्रात एक भाग विजेच्या मोबदल्यात सुमारे चार भाग उष्णता मिळते. त्यांपैकी तीन भाग जमिनीतून आलेले असतात. उन्हाळ्यात हीच क्रिया उलट करून इमारतीतील उष्णता जमिनीत सोडता येते.

जमिनीतील ही नळी, तिच्याभोवतीचे भरण आणि छिद्र या सर्वांना मिळून भूगर्भातील उष्णता-विनिमयक म्हणतात. नळी उथळ चरातही पुरता येते. जर्मनीतील मार्गदर्शक आकड्यांनुसार ओलसर चिकण मातीत दर चौरस मीटरला वीस ते तीस वॉट उष्णता अशा चरांतून घेता येते. म्हणजे साडेसात किलोवॉटसाठी सुमारे तीनशे चौरस मीटर मोकळी जागा हवी. जागा कमी असेल तेथे उभ्या विंधन छिद्रांचाच आश्रय घ्यावा लागतो. यापुढील विवेचन उभ्या छिद्रांसंबंधी आहे.

लांबीला एवढे महत्त्व का?

विंधन हा या यंत्रणेतील मोठ्या खर्चाचा भाग असतो. म्हणून लांबी अनावश्यक धरली तर पैसा वाया जातो. ती कमी पडली तर होणारी हानी मात्र अधिक गंभीर असते, कारण ती लगेच दिसत नाही. पहिल्या वर्षी यंत्रणा व्यवस्थित चालते, उद्घाटन होते, देयके चुकती होतात. जमिनीतील उष्णता मात्र भरपाईपेक्षा अधिक वेगाने काढली जात असते. वर्षागणिक नळीतील द्रव अधिक थंड होत जातो, कॉम्प्रेसरला अधिक वीज लागते आणि एखाद्या कडक हिवाळ्यात यंत्र बंद पडते. तोवर छिद्रे बुजलेली आणि वर फरसबंदी झालेली असते. यंत्र बदलता येते. जमिनीत गाडलेली चूक सहसा दुरुस्त करता येत नाही.

ढोबळ नियम व त्याच्या मर्यादा

लांबी ठरविण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे दर मीटरला किती वॉट उष्णता मिळते याचा तक्ता वापरणे. जर्मन अभियंता संघाच्या ४६४० क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतील २००१ च्या भागात असा तक्ता दिलेला होता. तीस किलोवॉटपर्यंतच्या लहान यंत्रणांसाठी आणि वर्षाकाठी १,८०० तास वापर धरून कोरड्या रेती-वाळूसाठी दर मीटरला २५ वॉटहून कमी, ओलसर चिकण मातीसाठी ३५ ते ५०, बेसॉल्टसाठी ४० ते ६५, ग्रॅनाइटसाठी ६५ ते ८५ वॉट असे त्यातील आकडे होते. वापर २,४०० तास असेल तर हेच आकडे खाली येतात. मध्यम प्रतीच्या खडकासाठी ६० चे ५० होतात.

हा तक्ता वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट अशी की, ते आकडे मध्य युरोपातील सुमारे दहा-अकरा अंश तापमानाच्या जमिनीसाठी आणि केवळ तापविण्याच्या कामासाठी आहेत. दुसरी गोष्ट, एकाच खडकासाठी दिलेल्या किमान व कमाल आकड्यांत दीडपटीचे अंतर आहे. तेवढ्या प्रमाणात लांबीचा अंदाज चुकू शकतो. तिसरी गोष्ट, छिद्रांची संख्या वाढली की ती एकमेकांची उष्णता ओढू लागतात आणि तक्त्याचा आधारच सुटतो. तात्पर्य, ढोबळ नियम प्राथमिक अंदाजासाठी ठीक आहे. मंजुरीसाठी तो पुरेसा नाही.

प्रत्यक्ष गणित

शास्त्रीय पद्धतीची मूळ कल्पना साधी आहे. खडकातून उष्णता वाहताना तिला रोध होतो. एक मीटर लांबीतून एक वॉट उष्णता वाहण्यासाठी जितक्या अंशांचा तापमानफरक खर्ची पडतो, तितका तो रोध मानतात. भार आणि रोध यांचा गुणाकार करून त्यास उपलब्ध तापमानफरकाने भागले की आवश्यक लांबी मिळते. लांब दोरीसारख्या उष्णतास्रोताभोवती तापमान कसे पसरते याचे गणित केल्विन यांच्या काळापासून ज्ञात आहे. अमेरिकेतील इंगरसोल आणि प्लास यांनी १९४८ मध्ये ते जमिनीतील नळ्यांना लागू केले, तर स्वीडनमधील लुंड विद्यापीठात पेर एस्किल्सन यांनी १९८७ मध्ये अनेक छिद्रांच्या समूहासाठी त्याचा विस्तार केला. आज वापरात असलेल्या संगणकीय आज्ञावली मुख्यतः याच पायावर उभ्या आहेत.

मात्र जमिनीचा रोध हा स्थिर आकडा नसतो. काळाबरोबर तो वाढत जातो. छिद्रालगतचा खडक प्रथम थंड होतो, मग त्यापलीकडचा, मग त्याही पलीकडचा. म्हणजे उष्णतेला उत्तरोत्तर लांबून यावे लागते. म्हणून भार तीन प्रकारांनी मोजतात : सर्वांत कडक थंडीतील काही तासांचा कमाल भार, त्या महिन्याचा सरासरी भार आणि संपूर्ण वर्षाचा निव्वळ सरासरी भार. प्रत्येकाला त्या-त्या कालावधीचा रोध लावतात.

मध्य युरोपातील एका लहान सभागृहाचे उदाहरण घेऊ. ऐन थंडीत त्यास १० किलोवॉट उष्णता लागते असे समजा. एकास चार या प्रमाणाने त्यांतील अडीच किलोवॉट विजेतून येतील आणि साडेसात किलोवॉट, म्हणजे ७,५०० वॉट, जमिनीतून काढावे लागतील. अत्यंत थंड महिन्याची सरासरी ३,००० वॉट आहे. वर्षातून २,००० तास पूर्ण क्षमतेइतका वापर धरल्यास १५,००० युनिट उष्णता निघेल. ती वर्षाच्या ८,७६० तासांवर विभागली की सुमारे १,७०० वॉट ही वार्षिक सरासरी येते.

आता रोध पाहू. खडकाची उष्णतावाहकता दर मीटर-अंशाला २ वॉट आणि छिद्राचा व्यास १३ सेंटिमीटर मानल्यास सहा तासांसाठी जमिनीचा रोध ०.०९७ येतो. एक महिन्याच्या भारामुळे त्यात ०.१९ ची, तर दहा वर्षांच्या भारामुळे आणखी ०.१९ ची भर पडते. नळी व भरण मिळून छिद्राचा स्वतःचा रोध ०.१० धरू. मग हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

छिद्राचा रोध : ७,५०० गुणिले ०.१० = ७५०
सहा तासांचा कमाल भार : ७,५०० गुणिले ०.०९७ = ७२८
महिन्याचा भार : ३,००० गुणिले ०.१९ = ५७०
दहा वर्षांचा भार : १,७०० गुणिले ०.१९ = ३२३
एकूण : २,३७१

जमिनीचे मूळ तापमान ११ अंश आहे आणि नळीतील द्रवाचे सरासरी तापमान उणे १ अंशाखाली जाऊ द्यावयाचे नाही, असे ठरविल्यास उपलब्ध फरक १२ अंशांचा होतो. २,३७१ भागिले १२ म्हणजे सुमारे १९८ मीटर. ही झाली आवश्यक लांबी.

दर मीटरला ५० वॉट या ढोबळ नियमाने हीच लांबी १५० मीटर आली असती. तेवढीच ठेवली तर दहा वर्षांनंतर द्रवाचे तापमान ११ अंशांवरून सुमारे १६ अंशांनी उतरून उणे पाचच्या घरात जाईल. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, दहा वर्षांच्या भाराचा वाटा वगळल्यास आरंभीच्या काळात ते उणे तीनच्या आसपास राहते. म्हणजे दोषाचा काही भाग पहिल्या हिवाळ्यातील चाचणीत दिसणारच नाही.

याच उदाहरणात इतर आकडे कायम ठेवून खडक बदलला तर काय होते हेही उद्बोधक आहे. वाहकता २ ऐवजी ३ असेल तर लांबी सुमारे १५३ मीटर पुरते. ती १ असेल तर सुमारे ३३३ मीटर लागते. निकृष्ट भरणामुळे छिद्राचा रोध ०.१० ऐवजी ०.१५ झाला तर १९८ चे २२९ मीटर होतात. आणि इमारतीच्या भिंती-छप्पर सुधारून सर्व भार एक-चतुर्थांशाने कमी केले, तर लांबीही एक-चतुर्थांशाने, म्हणजे जवळजवळ पन्नास मीटरने घटते. गळकी टाकी भरण्यासाठी मोठा पंप बसविण्यापेक्षा आधी गळती थांबविणे शहाणपणाचे, हा व्यवहारी नियम येथेही लागू पडतो.

खडकाची परीक्षा

खडकाच्या वाहकतेवर एवढे सारे अवलंबून असल्यामुळे मोठ्या कामात ती प्रत्यक्ष मोजूनच घेतात. या चाचणीची कल्पना स्वीडनमध्ये मोगेनसेन यांनी १९८३ मध्ये मांडली आणि १९९० च्या दशकात स्वीडन व अमेरिका येथे तिच्यासाठी वाहनावरून नेता येण्याजोगी उपकरणे तयार झाली. प्रथम नियोजित छिद्रांपैकी एक छिद्र पूर्ण करून त्यातील नळीत पाणी फिरवितात व जमिनीचे मूळ तापमान नोंदवितात. त्यानंतर विजेच्या तापकाने ठराविक उष्णता सुमारे दोन दिवस अखंड सोडून जाणाऱ्या व येणाऱ्या पाण्याचे तापमान सतत टिपत राहतात.

पहिले काही तास वगळल्यावर तापमानवाढीत एक नियमितपणा दिसू लागतो : काळ दुप्पट झाला की तापमान दर वेळी सारख्याच अंशांनी वाढते. दहाव्या तासापासून विसाव्या तासापर्यंत जेवढी वाढ, तेवढीच विसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत. शंभर मीटर छिद्रात ५,००० वॉट, म्हणजे दर मीटरला ५० वॉट उष्णता सोडली आणि प्रत्येक दुपटीस १.४ अंशाची वाढ आढळली, तर ५० ला ०.०५५ ने गुणून १.४ ने भागावे. उत्तर जवळजवळ २ येते. हीच त्या जमिनीची वाहकता. शाळेतील विद्यार्थ्यालाही पडताळून पाहता येईल असे हे गणित आहे. खडकात वाहते भूजल असल्यास त्याचाही परिणाम या चाचणीत उतरतो. खडकाच्या नमुन्याची प्रयोगशाळेत केलेली तपासणी तो दाखवू शकत नाही.

दीर्घकालीन समतोल

जमीन म्हणजे अक्षय भांडार नव्हे, हे सांगणारी दोन उदाहरणे बोलकी आहेत. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिचनजीक एल्ग या गावी १९८६ मध्ये एका घरासाठी १०५ मीटर खोलीचे एकच छिद्र घेण्यात आले आणि त्याच्या सभोवतालच्या जमिनीचे तापमान अनेक वर्षे मोजण्यात आले. आरंभीच्या वर्षांत ते वेगाने उतरले. पुढे उतरण्याचा वेग मंदावत गेला आणि सुमारे दहा वर्षांनी मूळच्यापेक्षा एक ते दोन अंश खालच्या पातळीवर ते जवळजवळ स्थिरावले. योग्य लांबीचे एकाकी छिद्र दीर्घकाळ निर्वेध चालू शकते, हे यावरून सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या स्टॉकटन महाविद्यालयाचे आहे. तेथे १९९४ मध्ये सुमारे १३० मीटर खोलीची ४०० छिद्रे घेण्यात आली. महाविद्यालयाची थंडाव्याची गरज ऊब मिळविण्याच्या गरजेपेक्षा अधिक असल्यामुळे हिवाळ्यात जेवढी उष्णता काढली जाई त्यापेक्षा उन्हाळ्यात अधिक सोडली जाई. परिणामी छिद्रांच्या क्षेत्रातील जमीन उत्तरोत्तर तापत गेली. एकाकी छिद्राला चारही बाजूंची जमीन मदतीस येते. चारशेंच्या समूहात मधल्या छिद्राला फक्त शेजारी छिद्रेच असतात. म्हणून छिद्रांमध्ये साधारणतः पाच-सहा मीटर वा अधिक अंतर ठेवतात, त्यांच्या परस्पर परिणामासाठी लांबी वाढवितात आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, वर्षभरातील घेणे-देणे शक्य तितके समतोल राखतात. पीक काढल्यावर जमिनीला खत द्यावे लागते, तसाच हा व्यवहार आहे. हा समतोल साधण्याची काळजी घेतली तर फार मोठ्या योजनाही उभ्या राहतात. इंडियाना राज्यातील बॉल स्टेट विद्यापीठात २००९ पासून सुमारे ३,६०० छिद्रांची यंत्रणा उभारून कोळशावरील जुने बाष्पक बंद करण्यात आले.

श्टाउफेनचा धडा

गणित अचूक असूनही भूशास्त्राकडे दुर्लक्ष झाल्यास काय ओढवते, याचे उदाहरण जर्मनीतील श्टाउफेन या लहानशा जुन्या नगराने जगापुढे ठेवले आहे. तेथील ऐतिहासिक नगरभवन तापविण्यासाठी २००७ मध्ये सुमारे १४० मीटर खोलीची सात छिद्रे घेण्यात आली. हेतू चांगला होता आणि इमारत लोकांचीच होती. परंतु खाली अॅनहायड्राइट या खनिजाचा थर होता. छिद्रांच्या मार्गाने दाबाखालील भूजल त्या थरात शिरले. पाणी मिळताच अॅनहायड्राइटचे जिप्सम बनते आणि त्याचे आकारमान सुमारे साठ टक्क्यांनी फुगते. नगराच्या मध्यभागाखालील जमीन महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत वर उचलली जाऊ लागली आणि अडीचशेहून अधिक घरांना तडे गेले.

या घटनेचा बोध असा की, विंधन छिद्र हे केवळ नळी घालण्याचे भोक नसून भूगर्भातील वेगवेगळ्या थरांना जोडणारा मार्ग असतो. नळी व खडक यांमधील पोकळी बेंटोनाइट व सिमेंटच्या मिश्रणाने तळापासून वरपर्यंत भरून काढणे हे उष्णता वाहण्यासाठी जेवढे आवश्यक, तेवढेच पाण्याचे थर एकमेकांपासून अलग राखण्यासाठीही आवश्यक आहे.

दख्खनच्या कातळात हिशेब कसा बदलतो?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टच्या कातळाने व्यापलेला आहे. बेसॉल्टची उष्णतावाहकता ग्रॅनाइटपेक्षा कमी, साधारणतः १.७ च्या आसपास असते. जमिनीचे तापमान हवेच्या वार्षिक सरासरीनुसार सत्तावीस अंशांच्या जवळपास धरावे लागेल. आणि मुख्य गरज ऊब मिळविण्याची नसून थंडाव्याची आहे. या तीनही बाबी लांबी वाढविणाऱ्या आहेत.

थंडाव्याच्या बाबतीत एक महत्त्वाचा फरक आहे. तापविताना कॉम्प्रेसरची वीज उष्णता होऊन इमारतीच्या उपयोगी पडते, म्हणून दहा किलोवॉटसाठी जमिनीतून साडेसातच काढावे लागतात. थंड करताना मात्र इमारतीतील दहा आणि कॉम्प्रेसरचे अडीच असे साडेबारा किलोवॉट जमिनीत सोडावे लागतात. वरील सभागृहाचेच उदाहरण या परिस्थितीत मांडू. कमाल भार १२,५०० वॉट, महिन्याची सरासरी ५,००० आणि वर्षाची सुमारे २,८५० वॉट. जमीन २७ अंश, द्रवाची कमाल सरासरी ३७ अंश, म्हणजे उपलब्ध फरक केवळ दहा अंश. बेसॉल्टचा रोध लावून हिशेब केल्यास लांबी ४४० मीटरच्या आसपास येते. मध्य युरोपातील १९८ मीटरच्या ही दुपटीहून अधिक आहे. त्यातही हिवाळ्यात ही उष्णता परत घेण्याची सोय नसल्यास ती साठतच जाणार.

याचा अर्थ येथे ही यंत्रणा निरुपयोगी आहे असा नव्हे. परदेशातील आकडे जसेच्या तसे उचलणे चूक आहे, असा आहे. रुग्णालये, वसतिगृहे अशा ज्या संस्थांना थंडाव्याबरोबर वर्षभर गरम पाणीही लागते, तेथे तीच उष्णता पाण्यासाठी वापरून जमिनीवरील बोजा हलका करता येतो. तसेच कातळाचे थर एकसारखे नसतात. वरचा मुरूम, पाणी धरणारा मांजऱ्या, त्याखालील अभंग काळा पाषाण यांची वाहकता व पाणी सोडण्याची क्षमता वेगवेगळी असते. म्हणून स्थानिक विंधन विहिरींच्या नोंदी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडील माहिती यांचा आधार घेतल्याविना केलेला हिशेब अपुराच राहील. ज्या गावाची तहान विंधन विहिरींवर भागते, तेथे छिद्रे नीट न भरल्यास वरचे दूषित पाणी खालच्या थरात उतरण्याचा धोका पत्करावा लागतो, हेही विसरून चालणार नाही.

प्रस्ताव तपासताना

सार्वजनिक निधीतून अशा यंत्रणेचा प्रस्ताव आल्यास पुढील बाबींची विचारणा अवश्य करावी.

१. इमारतीचा भार कमाल, मासिक आणि वार्षिक अशा तीनही प्रकारे मोजला आहे काय? केवळ यंत्राच्या क्षमतेवरून लांबी काढलेली असल्यास ती स्वीकारू नये.

२. भिंती, छप्पर, सावली व वायुवीजन यांत सुधारणा करून भार आधी कमी केला आहे काय?

३. खडकाची वाहकता व जमिनीचे तापमान जागेवर मोजले आहे, की तक्त्यातून घेतले आहे? अनेक छिद्रांच्या कामात चाचणी-छिद्राचा आग्रह धरावा.

४. हिशेब किती वर्षांचा आहे, आणि अखेरच्या वर्षी द्रवाचे तापमान किती राहील असे दाखविले आहे? एका वर्षाच्या कामगिरीची हमी पुरेशी नाही.

५. वर्षभरात जमिनीत किती उष्णता सोडली जाईल व किती काढली जाईल? दोहोंत मोठी तफावत असल्यास ती भरून काढण्याची योजना कोणती?

६. भूवैज्ञानिकाचा अहवाल, छिद्रांचे भरण आणि पाण्याचे थर अलग राखण्याची व्यवस्था यांचा अंदाजपत्रकात स्पष्ट समावेश आहे काय?

७. छिद्रांच्या जागांचा नकाशा कायम दप्तरी ठेवला जाईल काय? पुढे तेथे पाया किंवा नवी विंधन विहीर खोदणाऱ्यास तो उपलब्ध असला पाहिजे.

यांतील एकाही प्रश्नासाठी उच्च गणिताची गरज नाही; भागाकार-गुणाकार येणाऱ्या कोणत्याही जागरूक सदस्याला वा शिक्षकाला त्यांची उत्तरे पडताळून पाहता येतात. जमिनीखालचे काम एकदा मातीआड गेले की ते पुन्हा डोळ्यांनी पाहता येत नाही. म्हणून त्याची तपासणी कागदावर असतानाच, पहिले छिद्र घेण्यापूर्वी, पुरी होणे अगत्याचे आहे.